नेरा नदीचे खोरे (वाल्नेरिना, इटली): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या मध्यभागी, उम्ब्रिया प्रांतातल्या वाल्नेरिना या खोऱ्याविषयी मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते त्यांच्या उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक माहितीचे प्रश्न आधी आणि अपवादांचे व गैरसमजांचे नंतर घेतले आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येत असेल, तर सविस्तर उत्तर एकदाच देऊन दुसरीकडे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाल्नेरिना म्हणजे नेमका कोणता भाग? हे एखाद्या गावाचे नाव आहे का?

वाल्नेरिना हे गावाचे नाव नाही. नेरा नदीच्या खोऱ्याला इटालियन भाषेत वाल्नेरिना म्हणतात. नेरा सिबिल्लीनी डोंगरांत उगम पावते, विस्सो, प्रेची, चेर्रेतो, स्केज्जीनो, फेरेन्तिल्लो, आर्रोने असा प्रवास करत तेर्नी या औद्योगिक शहरापर्यंत येते आणि पुढे ओर्ते गावाजवळ टायबर नदीला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे ११६ किलोमीटर आहे. पाणी मात्र बारमाही आणि इतके भरपूर आहे, की ‘नेराने पाणी पाजले नसते, तर टायबर टायबर झालीच नसती’ अशा अर्थाची म्हण तिकडे प्रसिद्ध आहे. नोर्चा आणि काशा ही दोन मोठी गावे खुद्द नेरेच्या काठावर नाहीत, ती उपनद्यांच्या खोऱ्यांत आहेत. तरीही व्यवहारात त्यांची गणना वाल्नेरिनातच होते आणि या पानावरही तसेच धरले आहे.

२. रोमहून तेथे कसे जायचे? स्वतःची गाडी हवीच का?

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून तेर्नी किंवा स्पोलेतोपर्यंत थेट रेल्वे मिळते आणि तेर्नीला पोहोचायला साधारण तासभर लागतो. तेर्नीहून मार्मोरे धबधब्यापर्यंत आणि खोऱ्यातल्या मोठ्या गावांपर्यंत बस जातात, परंतु त्यांची संख्या मोजकी असते आणि रविवारी व सणाच्या दिवशी ती आणखी घटते. त्यामुळे फक्त धबधबा पाहायचा असेल तर बस पुरेशी आहे, पण त्यापलीकडे काहीही पाहायचे असेल तर भाड्याची गाडी घेणे शहाणपणाचे ठरते. तेर्नीहून निघणारा राज्यमार्ग क्रमांक २०९ नदीच्या काठाकाठाने जातो आणि खोऱ्यातली बहुतेक गावे त्याच्यावर किंवा त्याच्यापासून थोड्याच अंतरावर आहेत. स्पोलेतोकडून आल्यास डोंगराखालच्या लांब बोगद्यातून थेट सान्तानातोलिया दी नार्कोजवळ खोऱ्यात उतरता येते.

गाडी चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असणे आवश्यक आहे आणि तो भारतातून निघण्यापूर्वीच आपल्या परिवहन कार्यालयातून काढावा लागतो. दुसरे असे, की इटलीतील अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना प्रवेशबंदी असते, तेथे कॅमेरे बसवलेले असतात आणि दंडाची सूचना काही महिन्यांनी घरी येते. म्हणून कोणत्याही गावात गाडी तटबंदीबाहेरच्या वाहनतळावर लावून पायी आत जावे.

३. एका दिवसात सगळे पाहून होईल का?

होणार नाही. रोमहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांना धबधबा, फेरेन्तिल्लो आणि जवळचा मठ एवढे धावपळीने पाहता येते. आमच्या मते किमान दोन रात्री खोऱ्यातच मुक्काम करावा: एक दिवस तेर्नी ते स्केज्जीनोपर्यंतच्या खालच्या टप्प्यासाठी, एक दिवस नोर्चा आणि वरच्या कास्तेल्लुच्चो पठारासाठी आणि उरलेला अर्धा दिवस कोणतेही ठरलेले ठिकाण न धरता नदीकाठी चालण्यासाठी. अनेक जण या शेवटच्या अर्ध्या दिवसाला आधी कात्री लावतात. तसे करू नये, कारण दोन वळणांमधली शांतता, दोन्ही बाजूंचे जंगल आणि उतारांवर चिकटलेली दगडी गावे हेच या खोऱ्याचे खरे आकर्षण आहे आणि गाडीच्या काचेतून त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

४. कोणता महिना चांगला?

एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत आणि सप्टेंबर व ऑक्टोबर हे महिने सर्वांत सुखाचे. ऑगस्टमध्ये इटालियन लोकांची स्वतःचीच सुट्टी असल्यामुळे धबधब्यावर आणि पठारावर गर्दी होते, जरी खोऱ्यातली सावली व गार पाणी उन्हाळ्याचा ताप कमी करतात. हिवाळ्यात वरच्या खिंडींत बर्फ पडतो आणि पर्यटनस्थळांच्या वेळा आखडतात, मात्र काळ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक कंदासारख्या बुरशीचा, हंगाम नेमका त्याच दिवसांत असतो (प्रश्न १७ पाहावा). पठारावरचा फुलोरा पाहायचा असेल तर प्रश्न १४ वाचल्याशिवाय तारखा ठरवू नयेत. आणखी एक तारीख नोंदवून ठेवावी: २२ मे या दिवशी काशा गावात संत रीता यांचा उत्सव असतो आणि त्या सुमारास परिसरात राहायला जागा मिळणे कठीण जाते.

५. मार्मोरेचा धबधबा माणसाने तयार केला, हे खरे आहे का?

होय, आणि तोही तेवीसशे वर्षांपूर्वी. वेलीनो नदीचे पाणी वरच्या रिएती पठारावर साचून तेथे दलदल झाली होती. इ. स. पू. २७१ मध्ये रोमन सेनानी मानियस क्युरियस डेंटाटस याने एक कालवा खोदून ते पाणी मार्मोरेच्या कड्यापर्यंत आणले आणि खालच्या नेरा नदीत सोडले. हा धबधबा तीन टप्प्यांत मिळून सुमारे १६५ मीटर कोसळतो, त्यांपैकी पहिलीच उडी ८३ मीटरची आहे. मार्मोरे हे नाव पाण्यातल्या चुन्याच्या थरांवरून पडले आहे, कारण ते थर दुरून संगमरवरासारखे दिसतात.

कालव्याने वरच्या रिएतीची अडचण दूर केली आणि तीच अडचण खालच्या तेर्नीच्या गळ्यात घातली, कारण नेरेला पूर आला की वेलीनोचे जादा पाणीही तिच्यातच येऊन पडत असे. दोन गावांचे हे भांडण इतके विकोपाला गेले, की इ. स. पू. ५४ मध्ये रिएतीकरांची बाजू मांडण्यासाठी प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो स्वतः उभा राहिला. पुढे इ. स. १५ मध्ये टायबरचे पूर रोखण्यासाठी तिच्या उपनद्यांची दिशाच बदलावी, असा प्रस्ताव रोमच्या सिनेटपुढे आला. त्या वेळी, इतिहासकार टॅसिटस सांगतो त्याप्रमाणे, या दोन्ही गावांनी आपापल्या कारणांसाठी विरोध केला आणि अखेर काहीच न बदलण्याचा निर्णय झाला. नद्यांच्या पाणीवाटपाचे तंटे ज्यांना परिचित आहेत, त्यांना हा प्रसंग फारसा जुना वाटणार नाही. त्यानंतरही कालव्याची कामे थांबली नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवे क्लेमेंट यांच्या काळात मोठी दुरुस्ती झाली आणि १७८७ मध्ये वास्तुविशारद आंद्रेआ विची याने केलेल्या बदलांनंतर धबधब्याला आजचे रूप आले.

६. आम्ही धबधब्यापाशी पोहोचलो तेव्हा कड्यावरून जेमतेम धार पडत होती. असे का?

कारण वेलीनोचे बहुतेक पाणी एरवी जलविद्युत निर्मितीसाठी वळवलेले असते. १९२९ पासून कार्यरत असलेले गाल्लेतो येथील वीज केंद्र याच पाण्यावर चालते आणि धबधब्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळीच पूर्ण पाणी सोडले जाते. पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो आणि काही मिनिटांत, जेथे ओला खडक दिसत होता तेथे गर्जना करणारा पांढरा लोट उभा राहतो. कोरड्या कड्यापासून पूर्ण लोटापर्यंतचे हे स्थित्यंतर पाहण्यासारखे असल्यामुळे भोंग्याच्या थोडे आधीच जागा धरून थांबावे, असे आम्ही आवर्जून सुचवतो.

पाणी सोडण्याचे वेळापत्रक महिन्यागणिक बदलते. सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळ्यात ते लांबते, हिवाळ्यात आखडते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचे अधिकृत वेळापत्रक पाहणे हा या सहलीतला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. आपल्याकडच्या सह्याद्रीतल्या धबधब्यांप्रमाणे ‘पाऊस चांगला झाला आहे, म्हणजे पाणी असणारच’ हा हिशेब येथे चालत नाही.

७. धबधबा वरून पाहावा की खालून? वयस्कर आईवडिलांना जमेल का?

प्रवेशद्वारे दोन आहेत. खालचे राज्यमार्ग २०९ वर आहे आणि तेथून संपूर्ण उंची एका नजरेत दिसते. वरचे मार्मोरे गावाजवळ आहे आणि तेथून पाणी कड्यावरून सुटताना दिसते. दोन्ही टोकांना जोडणारी पायऱ्यांची वाट जंगलातून जाते, ती चढायला अर्ध्या-पाऊण तासाची आणि चांगलीच दमवणारी आहे. याच वाटेवर एका छोट्या बोगद्यातून ‘प्रेमिकांचा सज्जा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेवर जाता येते. तेथे पहिल्या उडीचे तुषार थेट अंगावर येतात आणि छत्रीचा काहीही उपयोग होत नाही, म्हणून रेनकोट व मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी बरोबर असावी.

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वाटेच्या भानगडीत न पडता खालच्या बाजूच्या सपाट आवारातूनच धबधबा पाहावा. त्यांचे फारसे काही हुकत नाही. वरच्या भागात जायचेच असेल तर गाडीने वळसा घालून जाता येते.

८. फेरेन्तिल्लोमध्ये खरोखरच जुने मृतदेह ठेवले आहेत का? मुलांना न्यावे का?

होय. गावाच्या प्रेचेत्तो या भागात सान्तो स्तेफानो चर्चच्या खाली आणखी जुन्या चर्चचे तळघर आहे, आणि तेथे पुरलेले देह न कुजता वाळून टिकले. मातीतील क्षार व सूक्ष्म बुरशी आणि तळघरातील वाहती हवा यांच्यामुळे देहांतले पाणी लवकर निघून गेले असावे, असे स्पष्टीकरण दिले जाते. देहांवर मसाले लावण्याचा किंवा इजिप्तसारखा कोणताही विधी येथे झालेला नव्हता. नेपोलियनच्या काळात चर्चमध्ये दफन करण्यास मनाई करणारा १८०४ चा हुकूम निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीत तळघर उकरल्यावर ही गोष्ट उघडकीस आली. काही चेहऱ्यांवर दात, केस आणि दाढीसुद्धा दिसते. त्यांच्यापैकी एक जोडपे चीनमधून तीर्थयात्रेला आलेले होते, ही गोष्ट मार्गदर्शक हमखास सांगतात. तिला दंतकथाच समजावे.

जागा लहान आहे आणि देह काचेआड असले तरी अगदी जवळून दिसतात. मोठ्या मुलांना हा अनुभव कुतूहलाचा वाटतो, पण लहान मुलांच्या बाबतीत आधी त्यांना नीट कल्पना द्यावी आणि एक मोठी व्यक्ती त्यांच्यासोबत बाहेर थांबण्याची तयारी ठेवावी. ही माणसे याच गावची होती, हे ध्यानात ठेवून आत आवाज व थट्टा टाळावी.

९. सान पिएत्रो इन वाल्ले या मठाचे हॉटेल झाले आहे म्हणतात. मग मुक्काम न करता आत जाता येते का?

मठाच्या निवासी इमारतींमध्ये हॉटेल आहे, परंतु चर्च वेगळे आहे आणि ते उघडे असलेल्या वेळेत कोणालाही पाहता येते. वेळ आधी विचारून घ्यावी (प्रश्न १९ पाहावा). फेरेन्तिल्लोहून थोडे पुढे, उजाड कड्याखाली दाट झाडीत हा मठ आहे आणि आमच्या मते संपूर्ण खोऱ्यातली सर्वांत मोलाची वास्तू हीच आहे.

परंपरेनुसार सहाव्या शतकात सीरियातून आलेल्या लाझारो आणि जोव्हान्नी या दोन संन्याशांनी येथे वास्तव्य केले. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पोलेतोचा लोम्बार्ड सरदार फारोआल्दो दुसरा याने येथे मठ उभारला. आत गेल्यावर प्रथम वेदीच्या दर्शनी शिळेपाशी जावे. तिच्यावर हात वर केलेल्या दोन मानवी आकृती अगदी बाळबोध रेषांत कोरलेल्या आहेत, शेजारी स्पोलेतोचा सरदार इल्देरिको याचे नाव आहे आणि ‘उर्सुस या कारागिराने हे केले’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. आठव्या शतकातल्या पाथरवटाने स्वतःचे नाव असे कोरून ठेवावे, ही युरोपातही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यानंतर मान वर करून भिंती पाहाव्यात. बाराव्या शतकातील भित्तिचित्रांची मालिका एका बाजूला आदम आणि ईव्हपासून सुरू होते, तर समोरच्या भिंतीवर येशूचे जीवन येते. बऱ्याच ठिकाणी रंग गळून गेले आहेत, परंतु आदम प्राण्यांना नावे देतो ते दृश्य शोधून काढण्याइतका वेळ जरूर द्यावा.

१०. वाटेत इतकी छोटी गावे आहेत. थांबायचे तर कोठे?

सगळीकडे थांबण्याची गरज नाही. एकच गाव निवडायचे असेल तर वाल्लो दी नेरा निवडावे: तटबंदी शाबूत आहे, गल्ल्या अरुंद आणि चढाच्या आहेत आणि सान्ता मारिया चर्चमध्ये १४०१ साली काढलेल्या चित्रात पांढरे झगे घातलेल्या यात्रेकरूंची मिरवणूक दाखवली आहे. ‘बियांकी’ म्हणून ओळखली जाणारी ही पश्चात्तापाची चळवळ १३९९ च्या सुमारास इटलीभर पसरली होती, म्हणजे चित्रकाराने जवळजवळ ताजी घटनाच भिंतीवर उतरवली.

स्केज्जीनोमध्ये स्वच्छ झऱ्याचे पाणी गावातूनच खळाळते. १५२२ मध्ये पुरुष बाहेरगावी असताना हल्ला झाला, तेव्हा तेथील स्त्रियांनी तटबंदी लढवली आणि त्या प्रसंगाचा उत्सव आजही जुलैत साजरा होतो. सान्तानातोलिया दी नार्कोमध्ये तागासारख्या धाग्यासाठी पूर्वी खोऱ्यात पिकवल्या जाणाऱ्या हेम्पचे छोटे संग्रहालय आहे. वस्त्रविद्येत रस असणाऱ्यांनी ते चुकवू नये, इतरांनी ते वगळले तरी चालेल. चेर्रेतो दी स्पोलेतोची गंमत भाषेत आहे. येथले लोक देशभर फिरून औषधे विकत आणि देणग्या गोळा करत, आणि त्यांच्या बोलबच्चनगिरीमुळे ‘चेर्रेतानो’ म्हणजे चेर्रेतोकर या शब्दाचा भोंदू या अर्थाच्या ‘चार्लातानो’ या शब्दाशी संबंध जोडला जातो. इंग्रजीतला ‘शार्लटन’ तेथूनच आला.

११. जुन्या रेल्वेमार्गावरून चालता येते असे वाचले. तो कसा आहे?

स्पोलेतो ते नोर्चा हा ५१ किलोमीटरचा अरुंद मार्ग १ नोव्हेंबर १९२६ रोजी सुरू झाला आणि १९६८ च्या जुलैअखेरीस बंद पडला. रूळ काढल्यानंतर त्याच्या मोठ्या भागाचा पायी आणि सायकलने जाण्याचा मार्ग झाला आहे. डोंगर उतरताना तो स्वतःभोवती वेटोळे घेत, एकोणीस बोगदे आणि दोन डझन पूल ओलांडत खाली येतो. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेची आठवण यावी असे हे बांधकाम आहे आणि मुख्य अभियंता एर्विन थोमान हाही स्विसच होता.

चढ सौम्य असल्यामुळे सर्वसाधारण प्रकृतीच्या कोणालाही ही वाट झेपते, मात्र बोगद्यांत दिवे नसतात आणि सर्वांत लांब बोगदा जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे. चांगली विजेरी आणि उन्हाळ्यातही एक जाकीट बरोबर असल्याशिवाय आत शिरू नये. सायकल भाड्याने घेऊन जाणे हाही एक पर्याय आहे. नोर्चाकडच्या टोकाला भूकंप व दरडींमुळे काही टप्पे बंद ठेवावे लागले आहेत, म्हणून पूर्ण मार्ग करायचा विचार असेल तर स्थानिक माहिती केंद्रात आधी चौकशी करावी.

१२. प्रेची या खेड्यात शस्त्रक्रियेची शाळा होती, ही अतिशयोक्ती नाही ना?

अतिशयोक्ती नाही, पण ‘शाळा’ या शब्दाने इमारत डोळ्यांसमोर आणू नये. जवळच्या सान्त एउतीत्सियो मठातील साधूंकडे औषधांचे ज्ञान होते. धर्मगुरूंनी शस्त्रक्रिया करण्यावर मध्ययुगात निर्बंध आल्यानंतर ते कौशल्य गावातल्या कुटुंबांकडे गेले आणि पुढे सुमारे तीस घराण्यांत ते बापाकडून मुलाकडे चालत राहिले. मूतखडा काढणे, मोतीबिंदू आणि अंतर्गळ या त्यांच्या खास शस्त्रक्रिया होत्या आणि त्यांना युरोपातील राजघराण्यांकडूनही बोलावणी येत. डुकरे कापण्यात पिढ्यान्पिढ्या मुरलेल्या या भागातल्या लोकांचा हात शरीररचनेवर बसलेला होता, असेही म्हटले जाते, आणि ते पटण्यासारखे आहे. गावात या परंपरेचे संग्रहालय आहे. मठाचे मात्र २०१६ च्या भूकंपात फार मोठे नुकसान झाले (पुढचा प्रश्न पाहावा).

१३. भूकंपानंतर तेथे जाणे सुरक्षित आहे का? नोर्चामध्ये पाहण्यासारखे काय उरले आहे?

हा भाग इटलीतल्या सर्वाधिक भूकंपप्रवण पट्ट्यांपैकी एक आहे आणि १७०३, १८५९, १९७९ आणि २०१६ ही साले येथल्या लोकांच्या तोंडी असतात. २०१६ मध्ये २४ ऑगस्टला पहिला मोठा धक्का बसला, २६ ऑक्टोबरला आणखी धक्के आले आणि ३० ऑक्टोबरच्या सकाळी ६.५ तीव्रतेच्या भूकंपाने नोर्चातील संत बेनेडिक्ट यांच्या नावाची बॅसिलिका, म्हणजे विशेष मानाचे चर्च, कोसळली. तिचा दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. संत बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण संत स्कोलास्तिका यांचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास नोर्चातच झाला, असे परंपरा मानते, म्हणून हे नुकसान गावापुरते राहिले नाही. तरीही ३० ऑक्टोबरच्या त्या धक्क्यात नोर्चामध्ये प्राणहानी झाली नाही. आधीच्या धक्क्यांमुळे लोक घराबाहेर होते, तसेच आधीच्या भूकंपांनंतर अनेक घरे मजबूत करण्यात आली होती. १८५९ नंतर पोपच्या राजवटीने येथे घरांच्या उंचीवर मर्यादा घालणारे नियम केले होते आणि गाव इतके बुटके का दिसते, याचे उत्तर त्यातच आहे.

प्रवाशाच्या दृष्टीने सांगायचे तर खालचा टप्पा, म्हणजे तेर्नी ते चेर्रेतो, नेहमीप्रमाणे पाहता येतो. नोर्चा, प्रेची, कास्तेल्लुच्चो आणि विस्सो या बाजूला पुनर्बांधणीची कामे दीर्घकाळ चालणारी असल्यामुळे कोणती वास्तू खुली आहे, याची खात्री निघण्याच्या आठवड्यात करून घ्यावी. अर्ध्या पडलेल्या घरांसमोर उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी गावातल्या दुकानातून मसूर किंवा चीज विकत घेतल्यास ते तेथल्या लोकांच्या अधिक उपयोगी पडते.

१४. कास्तेल्लुच्चोच्या रंगीबेरंगी पठाराचा फुलोरा नक्की कधी असतो? ती मसुराचीच फुले का?

तारीख कोणीही आधी सांगू शकत नाही. साधारणपणे मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत रंग बदलत राहतात आणि जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा सर्वांत भरात असतो, परंतु हिवाळ्यातला बर्फ आणि वसंतातला पाऊस यांनुसार तो मागेपुढे होतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना निराश करते. मसुराची फुले फिकट आणि बारीक असतात. दिसणारे लाल, निळे आणि पिवळे पट्टे हे शेतातल्या तणांचे, म्हणजे पॉपी, कॉर्नफ्लॉवर, रानमोहरी यांचे असतात. तणनाशके न वापरता शेती केली जाते म्हणूनच हे दृश्य टिकून आहे.

कास्तेल्लुच्चो १,४५२ मीटर उंचीवर आहे, समोर २,४७६ मीटरचे मोन्ते वेत्तोरे शिखर आहे आणि हा सर्व परिसर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या सिबिल्लीनी राष्ट्रीय उद्यानात येतो. शिखराच्या उतारावर २०१६ च्या भूकंपाने उमटलेली भेग पांढऱ्या रेषेसारखी दिसते. फुलोऱ्याच्या शनिवार-रविवारी खासगी गाड्यांवर निर्बंध घालून बस चालवल्या जातात, म्हणून शक्यतो मधल्या वारी आणि सकाळी लवकर जावे. छायाचित्रासाठी शेतात उतरू नये. ते कोणाचे तरी उभे पीक असते.

१५. संत रीता यांचे स्थान काशामध्ये आहे की रोक्कापोरेनामध्ये?

दोन्हीकडे. १३८१ च्या सुमारास त्यांचा जन्म रोक्कापोरेना या डोंगरकुशीतल्या खेड्यात झाला. विवाह, पतीची हत्या आणि मुलांचा मृत्यू यांनंतर त्या काशातील मठात दाखल झाल्या आणि त्यांचा देह तेथल्या बॅसिलिकेत आहे. ही बॅसिलिका विसाव्या शतकातली आहे, त्यामुळे जुन्या वास्तुकलेच्या अपेक्षेने जाऊ नये. रोक्कापोरेनाच्या टोकदार सुळक्यावर चढून जाणारी वाट श्रद्धाळू नसणाऱ्यांनाही आवडते.

१६. आम्ही शाकाहारी आहोत. तेथे उपाशी राहावे लागेल का?

नाही, मात्र विचारून खावे लागेल. नोर्चाचे नाव डुकराच्या मांसाशी इतके जोडलेले आहे, की इटलीत अशा मांसाच्या दुकानालाच ‘नोर्चिनेरिया’ म्हणतात आणि दारावर टांगलेली रानडुकराची मुंडकी पाहून काहींना अवघडल्यासारखे होते. त्याच वेळी कास्तेल्लुच्चोचा बारीक मसूर, मोन्तेलेओनेचा फार्रो नावाचा जुना गहू, रोवेया हा रानवाटाणा, काशाचे केशर आणि मैदा व पाण्याचे स्त्रांगोत्सी हे जाड शेवयांसारखे पास्ते अशी शाकाहारी सामग्री येथे विपुल आहे. अडचण लपलेल्या घटकांची असते: मसुराच्या सुपात चवीसाठी डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा मांसाचा अर्क असू शकतो. म्हणून ‘मांस नको’ एवढे न सांगता ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने’ म्हणजे मांसही नको आणि मांसाचा अर्कही नको, असे स्पष्ट सांगावे. अंडी व मासे यांचाही वेगळा उल्लेख करावा. मेंढीच्या दुधाच्या पेकोरिनो चीजमध्ये प्राणिज विरजण वापरतात, हे कट्टर शाकाहारी वाचकांनी लक्षात घ्यावे. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. तेथला मसूर आपल्या पद्धतीच्या आमटीलाही छान लागतो आणि तो भिजवावा लागत नाही.

दुपारी अडीचनंतर आणि संध्याकाळी साडेसातपूर्वी जेवण मिळेल असे धरून चालू नये.

१७. जंगलात ट्रफल आपले आपण शोधले तर चालते का?

चालत नाही. इटलीत ट्रफल गोळा करण्यासाठी परवाना लागतो, जातीनुसार हंगाम ठरलेले असतात आणि प्रशिक्षित कुत्र्यासह, ठरावीक अवजारानेच उकरण्याची परवानगी असते. पर्यटकांना परवानाधारक शोधकाबरोबर जाता येते. नोर्चाचा मौल्यवान काळा ट्रफल डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत निघतो. उन्हाळ्यात ताटात येतो तो त्याचा सौम्य आणि स्वस्त नातेवाईक असतो. जूनमध्ये जाऊन ‘इतके काय त्याचे कौतुक’ असे वाटले, तर दोष ऋतूचा समजावा.

१८. मोन्तेलेओनेचा प्रसिद्ध इट्रस्कन रथ पाहण्यासाठी वाट वाकडी करावी का?

रथासाठी करू नये. इ. स. पू. सहाव्या शतकातला कांस्याच्या पत्र्यांनी मढवलेला हा रथ १९०२ मध्ये मोन्तेलेओने दी स्पोलेतो येथे एका शेतकऱ्याला सापडला, पण मूळ रथ तेव्हापासून थोड्याच काळात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात गेला आणि तो तेथेच आहे. गावात त्याची प्रतिकृती आहे. ती पाहून आणि रथ परत मिळावा, ही गावकऱ्यांची जुनी मागणी समजून घेऊन पुढे काशाकडे जाणार असाल, तर मात्र थांबा सार्थकी लागतो.

१९. चर्च बंद आढळले तर काय करायचे?

बहुतेक चर्च दुपारी दोन-तीन तास बंद असतात, म्हणून पहिला उपाय जेवून परत येणे हाच आहे. लहान गावांत किल्ली अनेकदा शेजारच्या घरी किंवा चौकातल्या कॉफीच्या दुकानात असते. नम्रपणे विचारल्यास कोणीतरी उघडून देते. अशा वेळी दानपेटीत काही तरी टाकावे. प्रार्थना चालू असल्यास ती संपेपर्यंत थांबावे.

२०. नदीत पोहता येते का?

पोहू नये. पाणी भर उन्हाळ्यातही अतिशय थंड असते, आणि मार्मोरेच्या खालच्या टप्प्यात पाणी सोडताच (प्रश्न ६ पाहावा) प्रवाह एकदम वाढतो. त्या टप्प्यात आणि कोर्नो या उपनदीवर प्रशिक्षित मार्गदर्शकांसह राफ्टिंगची सोय आहे. स्केज्जीनोच्या आसपास ते अधिक सौम्य असते आणि मुलांनाही झेपते. ट्राउट मासे पकडण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो.

२१. यशवंत घाडगे यांचे स्मारक उम्ब्रियातच आहे. ते याच सहलीत पाहता येईल का?

स्मारक उम्ब्रियातच आहे, पण या खोऱ्यात नाही. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव परिसरातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले सैनिक. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यातील लढाईत त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सर्व जण मशिनगनच्या माऱ्यात पडल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर चाल केली. दोघांना त्यांनी हातबॉम्बने व गोळीने टिपले आणि काडतुसे बदलायला वेळ नसल्यामुळे उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. नामदेव जाधव यांनाही इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण ती लढाई १९४५ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडील सेनियो नदीवर झाली. दोन्ही प्रसंगांची अनेकदा गल्लत होते.

घाडगे यांच्या नावाचे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक २०२३ च्या जुलैमध्ये मोन्तोने या टेकडीवरच्या गावात उभारण्यात आले. तेर्नीहून तेथे जायला गाडीने दीड तासाहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्यासाठी पेरुजा किंवा चित्ता दी कास्तेल्लो येथे एक वेगळा मुक्काम धरावा. त्यांची कबर तेथे शोधू नये. ती ज्ञात नाही आणि त्यांचे नाव दक्षिणेकडे कास्सिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे.